पडद्यावर वापरलेला प्रॉप खरा कसा ओळखायचा? वाचकांचे प्रश्न

साय-फाय सिनेमांत आणि मालिकांत वापरलेल्या वस्तू, म्हणजे प्रॉप्स, अमेरिका-इंग्लंडात लिलावात विकल्या जातात आणि त्याबद्दल या वेळी ढीगभर प्रश्न आलेत. घरबसल्या बोली लावता येते म्हटल्यावर पुण्या-ठाण्यातनंही लोक बघायला लागलेत, काही जण तर क्रेडिट कार्ड हातात घेऊनच बसलेत असं पत्रांवरून दिसतंय. एकसारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : स्टार ट्रेकच्या साठच्या दशकातल्या मूळ मालिकेतला कम्युनिकेटर, म्हणजे हातात धरून बोलायचं ते यंत्र, एका ऑनलाइन लिलावात आलाय. अंदाजे किंमत साडेचार लाख रुपये दाखवतायत. सोबत सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी आहे, होलोग्राम स्टिकरसकट. आमचे मिस्टर म्हणतात सर्टिफिकेट आहे म्हणजे काळजी नाही. घ्यावा का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : मिस्टरांना सांगा, जरा दमानं. सर्टिफिकेट म्हणजे कुणाचं तरी "मला असं वाटतं" हे जाड कागदावर छापलेलं असतं, बास. ते द्यायला कुठलं लायसन्स लागत नाही, परीक्षा नाही, आणि होलोग्राम स्टिकरचे रोल कोणीही मागवू शकतं. त्यामुळे सर्टिफिकेट हातात आलं की आधी सही कोणाची ते बघायचं आणि मग त्या माणसाला हे कसं माहीत ते विचारायचं. तो त्या शूटिंगला प्रॉप डिपार्टमेंटमध्ये कामाला होता का, वस्तू त्याच्याकडे कधी आणि कशी आली, पुढे कोणाला दिली, मधली वर्षं ती कुठं पडून होती. या सगळ्या साखळीला लिलाववाले प्रोव्हनन्स म्हणतात. तिच्यात मधेच "एका खाजगी संग्राहकाकडून प्राप्त" असं आलं ना, की समजायचं तिथं भोक आहे.

आता किंमत बघा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ज्युलियन्स या अमेरिकन ऑक्शन हाऊसनी त्या मालिकेतला एक कम्युनिकेटर ७ लाख ८० हजार डॉलरला विकला आणि फेझर, म्हणजे त्यांचं ते पिस्तूल, ९ लाख १० हजार डॉलरला. डॉलर बरं का, रुपये नाहीत. मग तुमच्याच नशिबात तो साडेचार लाख रुपयांत कसा काय येतोय? लॉटरी लागते लोकांना, नाही असं नाही, पण इथं विकणाऱ्याला पण इंटरनेट येतं आणि त्यानं पण त्या किमती वाचलेल्या असणार.

तरी मन मानत नसेल तर आतले फोटो मागा. हे कम्युनिकेटर वाह चँग नावाच्या कलाकारानं बनवले होते, मोजकेच, आणि क्लोज-अपसाठीच्या प्रॉपमध्ये त्यावरची गोल नक्षी फिरवायला आत चक्क स्टॉपवॉचची यंत्रणा बसवली होती. आणि आत एलईडी दिसला तर सरळ विचारा की हा कोणी आणि कधी बसवला, कारण मालिका सुरू झाली १९६६ ला आणि त्या काळात प्रॉपवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये एलईडी पडलेले नसायचे. नंतर कुणी दुरुस्ती केली असेल तर तसं सांगावं की, लपवण्यासारखं त्यात काय आहे. गोलमोल उत्तर आलं तर टॅब बंद करून टाका.

अजून एक, मोठं नाव म्हणजे शंभर टक्के खात्री असंही समजू नका. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजनी स्टार ट्रेकचा माल थेट स्टुडिओकडून घेऊन विकला, हजारावर लॉट, म्हणजे लिलावातले नग, होते, यापेक्षा चांगला प्रोव्हनन्स तो काय असणार. त्यात डेटा या अँड्रॉइड पात्राची पोकर खेळतानाची हिरवी व्हायझर, म्हणजे कपाळावरची झापड, एका चाहत्यानं ६,००० डॉलरला घेतली, मग लास व्हेगासच्या संमेलनात डेटाची भूमिका करणारे ब्रेंट स्पायनर यांच्यासमोर सहीसाठी धरली आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्पायनर म्हणाले की ही ती नाहीच, खरी मी स्वतः आधीच विकून टाकलीय! प्रकरण कोर्टात गेलं. आता नटाची आठवण हा काही अंतिम पुरावा नव्हे, एकेका प्रॉपच्या चार-चार कॉप्या असतात आणि नट बिचारा सीनमध्ये असतो, प्रॉप मोजत नसतो. पण स्टुडिओच्या गोडाऊनमधून आलं एवढ्यावर "हेच ते" सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : कॅटलॉगमध्ये "स्क्रीन मॅच्ड" असं लिहिलेलं असतं. म्हणजे नक्की काय करतात? माझ्याकडे फोरके टीव्ही आणि डिस्क आहेत, मी घरी करू शकतो का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : करू शकता आणि करावंच. आख्ख्या प्रकरणातली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच आहे, आणि माझ्या मते एकमेव गोष्ट जिथं माणसाच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

तत्त्व असं की वस्तूवरच्या ज्या खुणा कोणी ठरवून केलेल्या नाहीत त्या शोधायच्या. रंगाचा ओघळ, ब्रशचा केस अडकलेला, फायबरग्लासमध्ये राहिलेला हवेचा बुडबुडा, लाकडाच्या रेषा, पट्टेरी कापडाचा पट्टा शिवणीपाशी नेमका कुठं तुटतो ते, आपटून उडालेला टवका. अशा पाच-सहा खुणा सिनेमाच्या फ्रेममध्ये आणि वस्तूवर त्याच जागी, त्याच आकारात, एकमेकींपासून त्याच अंतरावर सापडल्या की मग बोलायला अर्थ आहे. एक खूण जुळली म्हणून नाचायचं नाही.

इथं लोक कुठं फसतात तर साच्यातल्या खुणांवर. मोदकाच्या साच्यात एका कळीला खोच पडली असेल तर त्यातनं निघणाऱ्या प्रत्येक मोदकावर ती उमटणारच, तसंच प्रॉपचं. हेल्मेटच्या गालावर फुगवटा सिनेमातही दिसतो आणि तुमच्या हेल्मेटवरही आहे, तर त्यावरनं एवढंच कळतं की दोन्ही एका साच्यातले, किंवा तुमचं हेल्मेट हे त्यावरनं घेतलेल्या साच्याच्या साच्यातलं. साचा झाल्यावर, रंगवताना, वापरताना जे घडलं तेच मोजायचं.

दुसरं म्हणजे काळ कुठल्या दिशेनं जातो ते लक्षात ठेवायचं. वस्तूवर ओरखडा आहे आणि सिनेमात नाही, तर चालतं, नंतर पडला असेल. पण सिनेमात ओरखडा ठळक दिसतोय आणि वस्तूवर तो नाही, आणि त्या जागी रंग पण मूळचाच वाटतोय, तर विषय संपला, बाकीच्या दहा खुणा जुळल्या तरी. विकणारे जुळलेल्या खुणांचे फोटो लाल गोल काढून काढून देतात, न जुळलेल्यांचे कोण देणार? ते काम आपलं.

तिसरं, आणि हे आजकाल फार महत्त्वाचं झालंय. एआयनं मोठी आणि स्वच्छ केलेली फ्रेम अजिबात वापरू नका. ते सॉफ्टवेअर जे दिसत नाही ते स्वतःच्या मनानं भरतं, त्यामुळे नसलेले स्क्रू आणि नसलेले ओरखडे पण सुरेख दिसतात. डिस्कवरची फ्रेम आहे तशी घ्या, आणि प्रॉपचा फोटो त्याच कोनातनं, जमलं तर तशाच उजेडात काढून मागवा. चांगले ऑक्शन हाऊस काढून देतात, कां-कूं करत नाहीत.

आता कुणी म्हणेल की फोरके बघून ओरखडे सुद्धा मुद्दाम पाडता येतात की. येतात, पाडतात पण. म्हणून जुना फोटो सोन्यासारखा. समजा त्या वस्तूचा नव्वदच्या दशकातला प्रदर्शनातला किंवा घरातला फोटो आहे आणि त्यात असा एक टवका दिसतोय जो व्हीएचएसच्या जुन्या कॅसेटवर दिसणं शक्यच नव्हतं, फोरके आल्यावर पहिल्यांदा दिसला, तर नक्कल करणाऱ्याला तो तेव्हा कुठनं कळणार होता? असा पुरावा मिळाला तर मी सर्टिफिकेट बघतच नाही.

नशीब असेल तर नंबरच सापडतो. १९८२ च्या ब्लेड रनर सिनेमातलं, नायक डेकार्डचं पिस्तूल घ्या. स्टायर कंपनीच्या रायफलचा वरचा भाग आणि चार्टर आर्म्सचं रिव्हॉल्व्हर असे दोन जोडून ते केलं होतं, वर लाल-हिरवे दिवे. बरीच वर्षं सगळे समजत होते की ते गेलं, आणि २००६ च्या वर्ल्डकॉनला, म्हणजे साय-फायवाल्यांच्या जागतिक संमेलनाला, अचानक काचेच्या पेटीत समोर. तिथं रायफलच्या भागावरचा सिरियल नंबर सिनेमात दिसणाऱ्या नंबरशी लावून बघता आला, स्क्रू कुठले ते पण. २००९ ला लिलावात २ लाख ७० हजार डॉलर आले.

आणि एक गंमत, प्रॉप सगळीकडनं देखणा असेल तर मला उलट जास्त संशय येतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये स्टार ट्रेकच्या एंटरप्राइज या यानाचं अकरा फुटी मॉडेल आहे, एडिसनहून गाडीनं जाण्यासारखं आहे, जाऊन या. त्याची डावी बाजू बघा, खिडक्या नाहीत, अक्षरं नाहीत, नुसतं उघडं, कारण दिव्यांच्या वायरी त्या बाजूनं आत गेल्या होत्या आणि कॅमेरा फक्त उजवीकडनं लावायचे. पैसे आणि वेळ जिथं कॅमेरा तिथंच खर्च करायची ही प्रॉपवाल्यांची रीत. चाहत्यानं घरी बनवलेलं मॉडेल मात्र दोन्हीकडनं चकाचक असतं, त्यानं ते प्रेमानं केलेलं असतं ना!

प्रश्न : काका, इन्स्टावर एक जण १९७७ च्या स्टार वॉर्समधल्या स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे त्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचं, हेल्मेट विकतोय. म्हणतो "ओरिजिनल साच्यातून, ओरिजिनल बनवणाऱ्याकडून". मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, मित्र मिळून पैसे काढतोय. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अरे बाबा, तो कदाचित खोटं बोलतही नसेल, पण तू जे ऐकलंस ते तो बोललेला नाही. "ओरिजिनल साच्यातून" आणि "सिनेमात वापरलेलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोष्ट अशी की त्या पहिल्या सिनेमाची हेल्मेटं लंडनजवळ ट्विकनहॅमला अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम फॉर्मिंगनं, म्हणजे प्लॅस्टिकचा गरम पत्रा साच्यावर ओढून, बनली. पुढं २००४ च्या सुमारास ते स्वतःच हेल्मेटं बनवून विकायला लागले, मूळ साच्यांवरून म्हणून. स्टार वॉर्स बनवणाऱ्या लुकासफिल्मनं कोर्टात ओढलं. अमेरिकेत एन्सवर्थ यांच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा निकाल लागला, पण इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टानं २०११ ला सांगितलं की हेल्मेट हे काही शिल्प नव्हे, ती सिनेमासाठी केलेली वापरायची वस्तू आहे, त्यामुळे शिल्पाला मिळतं तसं कॉपीराइटचं संरक्षण तिथं मिळणार नाही. तर अशी हेल्मेटं बाजारात आहेत आणि छान आहेत, पण ती या शतकातली. १९७६ च्या शूटिंगला ती हजर नव्हती.

खरं असेल तर काय दिसेल ते सांगतो. अंगावरची कवचं पांढऱ्या एबीएस प्लॅस्टिकची होती, ती इतक्या वर्षांत पिवळी पडतात, कुठं जास्त कुठं कमी. स्टंटवाल्यांची हेल्मेटं मात्र खाकी रंगाच्या एचडीपीई प्लॅस्टिकची होती आणि वरनं पांढरा रंग मारलेला. एचडीपीईवर रंग धड बसत नाही, पापुद्रे निघतात आणि खालचा खाकी दिसतो. गालावरच्या आणि डोक्यावरच्या रेघा हातानं रंगवलेल्या, त्यामुळे दोन हेल्मेटांच्या रेघा सारख्या नसतात. त्याच्याकडून आतला फोटो माग, कडांचा फोटो माग. आत एकसारखं पांढरंशुभ्र आणि रेघा स्टिकरच्या असतील तर ते भिंतीवर लावायला मस्त आहे, रेप्लिकाच्या भावात. आणि मित्रांचे पैसे घालायच्या आधी हे सगळं मित्रांना पण वाचायला दे.

प्रश्न : हीरो, स्टंट, प्रॉडक्शन-मेड, स्क्रीन-यूज्ड... कॅटलॉग वाचून डोकं गरगरतं. यात फरक काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हीरो म्हणजे क्लोज-अपसाठीचा चांगला, दिवे लागणारा वगैरे. स्टंट म्हणजे रबराचा नाहीतर फोमचा, पडला-आपटला तरी कोणाला लागू नये असा. प्रॉडक्शन-मेड म्हणजे शूटिंगसाठी बनवला होता खरा, पण पडद्यावर आला की नाही ते कोणी छातीठोक सांगत नाहीये. स्क्रीन-यूज्ड म्हणजे वापरला असा दावा आहे. आणि स्क्रीन-मॅच्ड म्हणजे वर सांगितलं तसं जुळवून बघितलाय. यातल्या शेवटच्या तीन शब्दांच्या क्रमानं किंमत कुठल्या कुठं जाते, त्यामुळे एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी लाखांचा फरक पडतो.

खरी मेख पुढच्या शब्दांत असते. "बिलिव्ह्ड टू बी", "अॅट्रिब्युटेड टू", "कन्सिस्टंट विथ" असं आलं की समजा वकिलानं नजर फिरवलेली आहे आणि हमी त्या शब्दांपुरतीच आहे. हेडिंगमध्ये मोठ्ठं "स्क्रीन-यूज्ड" आणि खाली वर्णनात "मानलं जातं की", असं असेल तर खालचं खरं धरायचं.

आणि काही वस्तू मुळातच मिश्र असतात, त्यात फसवणूक नसते. २०१७ च्या जूनमध्ये स्टार वॉर्समधला आर-टू-डी-टू रोबो २७ लाख ६० हजार डॉलरला गेला, तो वेगवेगळ्या सिनेमांच्या शूटिंगला वापरलेले भाग अनेक वर्षं गोळा करून जोडलेला होता आणि कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं पण होतं. बीबीसीच्या डॉक्टर हू मालिकेतल्या डॅलेक या खलपात्रांचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं एकाचा खालचा घेर दुसऱ्याच्या वरच्या भागाला लावून वापरले, त्यामुळे कुठला घेर कुठल्या भागात दिसला याचा हिशोब ठेवणारे चाहते आहेत आणि त्यांचा शब्द मी कुठल्याही छापील सर्टिफिकेटपेक्षा जास्त मानतो. असा मिश्र प्रॉप घ्यायला हरकत नाही, फक्त कुठला भाग कशात वापरला हे भागागणिक लिहून घ्यायचं.

प्रश्न : स्टार वॉर्समधली हत्यारं खऱ्या बंदुकांपासून बनवली होती असं वाचलं. मग खरी बंदूक असली की प्रॉप खरा, इतकं सोपं नाही का? आणि तसला ब्लास्टर, म्हणजे त्यातली बंदूक, नाशिकला मागवता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उलटं आहे. बंदूक खरी असणं सगळ्यात सोपं, कारण त्या बंदुका त्या काळी हजारोंनी बनल्या होत्या. हान सोलो या पात्राचा ब्लास्टर म्हणजे जर्मन माउझर सी-९६ पिस्तूल, त्यावर दुर्बीण आणि पुढं मशीनगनचं नळकांडं. स्टॉर्मट्रूपरचा म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग मशीनगन. लंडनच्या बॅप्टी कंपनीनं ही हत्यारं भाड्यानं पुरवली होती, आणि भाड्याची वस्तू म्हटल्यावर काम झालं की वरचे तुकडे काढून बंदूक परत फडताळात, पुढच्या युद्धपटाला. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा जसाच्या तसा जोडलेला ब्लास्टर राहिलाच तर नवल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत रॉक आयलंडच्या लिलावात हान सोलोचा एक विकला गेला, १० लाख ५७ हजार ५०० डॉलरला.

लाइटसेबरचं, म्हणजे त्या उजेडाच्या तलवारीचं, तर अजून मजेशीर आहे. ल्यूकचा म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशगनची दांडी, सेट डेकोरेटर रॉजर क्रिश्चन यांना लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात सापडलेली. ओबी-वॉनच्या मुठीत रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनातली नळी आहे, पहिल्या महायुद्धातल्या ग्रेनेडचा भाग आहे आणि खाली टोकाला चक्क नळाच्या चावीचा तुकडा. हे सगळं आता सगळ्यांना माहीत आहे, आणि जुने ग्राफ्लेक्स शोधून शोधून चाहते त्यांची दांडी वापरतात. म्हणजे १९४० च्या दशकातला खरा ग्राफ्लेक्स हातात असला तरी तो गेल्या वर्षी जोडलेला असू शकतो. जोडताना पाडलेली भोकं, खालचा गोंद, त्या गोंदावर साठलेली घाण, हे बघायचं, धातूचं वय नाही.

मागवायचं म्हणाल तर नका. आतली बंदूक खरी असेल तर कस्टम्सला तो प्रॉप नसतो, ते हत्यार असतं, आणि १९५९ चा शस्त्र कायदा "साहेब, सिनेमातलं आहे" हे ऐकून घेत नाही. रबराचा स्टंट ब्लास्टर बघा, तो सुद्धा आधी क्लिअरिंग एजंटला फोटो दाखवून.

प्रश्न : माझ्या भावानं लंडनला घेतलेला एक प्रॉप फार मळलेला, रंग उडालेला आहे. स्वच्छ करून, थोडा टचअप करून ठेवू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हात लावू नका! उडालेला रंग हाच तुमचा पुरावा आहे. वर ज्या एंटरप्राइजच्या मॉडेलबद्दल लिहिलं त्याची स्मिथसोनियनमध्येच चार वेळा डागडुजी झाली, १९९१ च्या वेळी रंग इतका मारला की चाहते अजून चरफडतात, पण वरच्या बशीचा वरचा भाग तेवढा कोणी रंगवला नव्हता. २०१६ च्या कामाला मूळ रंग कुठला ते कळायला तोच भाग उपयोगी पडला. तुमच्या भावाला म्हणावं मऊ ब्रशनं धूळ झटक, उन्हापासून लांब ठेव, बास.

प्रश्न : समजा एखादी वस्तू तज्ज्ञांनी खरी ठरवली. मग बिनधास्त घ्यायला हरकत नाही ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : वस्तू खरी आहे हे कळलं, विकणाऱ्याची आहे का ते कुठं कळलं? हे लोक विसरतातच.

एंटरप्राइजचं एक छोटं, तीन फुटी मॉडेल होतं, अकरा फुटीच्या आधीचं, १९६४ ला रिचर्ड डॅटिन यांनी बनवलेलं. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या टेबलावर असायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्टार ट्रेकचा पहिला सिनेमा करायच्या वेळी ते कुणाला तरी वापरायला दिलं आणि परत आलंच नाही. दिलेली वस्तू परत येत नाही हे आपल्याकडेही काही नवीन नाही, पण इथं चाळीसएक वर्षं गेली. २०२३ मध्ये एका जुन्या स्टोरेज युनिटमधला माल घेतलेल्यांना ते सापडलं आणि त्यांनी ईबेवर टाकलं, सुरुवातीची बोली १,००० डॉलर! जाणकारांनी फोटो बघून आरडाओरडा केला, लिस्टिंग उतरली, डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सकडं ते गेलं, तिथं तज्ज्ञांनी तपासून खरंच असल्याचं सांगितलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ते रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेलं. म्हणजे तुम्ही ईबेवर हजार डॉलरला उचललं असतंत तर वस्तू शंभर नंबरी खरी आणि तरी हातातनं गेली असती, वर वकिलाचं बिल.

तेव्हा प्रोव्हनन्स विचारताना दोन्ही विचारा. स्टुडिओतनं ती बाहेर कशी पडली, विकली, बक्षीस दिली, कचऱ्यात टाकली, की कोणी पिशवीत घालून घरी नेली? स्टुडिओनं स्वतः विकलेल्या वस्तूंना हे टेन्शन नसतं. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या नव्या मालिकेचा माल २००९ मध्ये स्टुडिओच्या परवानगीनं लिलावात गेला, स्टार ट्रेकचा बराचसा २००६ नंतर स्टुडिओतर्फेच ईबेवर विकला गेला, त्यांचे टॅग आणि लॉट नंबर आजही तपासता येतात. पहिल्यांदा घेणाऱ्यानं असंच काहीतरी घ्यावं, एखादं ओळखपत्र, पॅनेलचा तुकडा, युनिफॉर्मवरचा बिल्ला. त्याच्यात थरार कमी आहे, कबूल, पण झोप लागते.

प्रश्न : बोली जिंकली तर तेवढेच पैसे भरायचे का? नंतर खोटं निघालं तर परत मिळतात? (तीन-चार वाचक)

उत्तर : तेवढेच नाही. हातोडा पडला त्या आकड्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून घेतलं जाणारं लिलाववाल्यांचं कमिशन, चढतो. वर सांगितलेला हान सोलोचा ब्लास्टर हातोड्याला ९ लाख डॉलरला गेला होता, वरचे दीड लाखावर डॉलर प्रीमियमचे, म्हणजे साडेसतरा टक्के, आणि हा कमीच म्हणायचा, काही ठिकाणी तो ३० टक्क्यांपर्यंत जातो. त्यावर पॅकिंग, विमा, कुरिअर, आपल्याकडची कस्टम ड्युटी. मनात ठरवलेल्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाला थांबलात तर शेवटी ठरवलेल्या आकड्यापाशी पोचाल.

परताव्याचं हाऊसप्रमाणे बदलतं. क्रिस्टीज, सोदबीज यांची अस्सलपणाची हमी विक्रीनंतर पाच वर्षं असते, प्रॉप्सच्या लहान हाऊसेसची बरीच कमी, आणि काही ठिकाणी "आहे तसं, जिथं आहे तिथं" असंच विकतात. हमी बहुतेक वेळा फक्त पहिल्या खरेदीदाराला मिळते, त्याच्याकडून तुम्ही घेतलंत तर नाही. बोली लावायच्या आधी त्या दिवशीच्या टर्म्सचं पीडीएफ आणि लॉटचं पान, फोटोंसकट, उतरवून ठेवा. लिलाव झाल्यावर लॉटच्या पानावरचं वर्णन कधीकधी सुधारलेलं असतं आणि मग भांडायला तुमच्याकडे फक्त स्क्रीनशॉटच उरतो.